येतंय, पण सांगत नाही: वर्गात हुशारी झाकणाऱ्या मुलींविषयी

दहावीचा निकाल लागला की पेपरातला मथळा ठरलेला असतो: ‘यंदाही मुलींचीच बाजी’. २०२५ च्या दहावीत राज्यात मुलींचा निकाल ९६.१४ टक्के लागला, मुलांचा ९२.३१ टक्के. हे आकडे पाहून कुणीही विचारेल, मुली हुशारी लपवतात म्हणजे नेमकी कुठे? बोर्डाच्या पेपरात ती लपवायचं कारणच नसतं. उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचं नसतं, तपासणारे शिक्षक ओळखीचे नसतात, आणि मागच्या बाकावरून ‘लई शहाणी’ असं कुणी पुटपुटत नाही. हुशारी झाकली जाते ती चारचौघांत दिसते तिथे. तोंडी उत्तर देताना, फळ्यावर गणित सोडवताना, प्रयोगशाळेत, विज्ञान प्रदर्शनाच्या गटात, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरताना आणि शेवटी अकरावीची शाखा निवडताना. त्यामुळे निकाल उत्तम लागणाऱ्या शाळेतही हा प्रश्न जोरात असू शकतो आणि मार्कांच्या यादीत त्याचा मागमूस नसतो.

साधारण सातवी-आठवीपासून त्याच्या खुणा दिसू लागतात. उत्तर येत असूनही हात वर जात नाही, गेलाच तर कोपर बाकावर टेकलेलंच राहतं. उत्तराच्या आधी ‘चुकलं असेल, पण…’ येतं. शेजारणीला हळूच उत्तर सांगितलं जातं आणि उभं राहून सांगते ती शेजारीण. पेपर हातात आला की मार्कांचा कोपरा दुमडला जातो, आणि २० पैकी १९ मिळालेली मुलगी विचारणाऱ्याला ‘बरे आहेत’ एवढंच सांगते. ‘माझा अभ्यासच झाला नाही’ हे परीक्षेआधी सगळेच म्हणतात, त्यावरून काही ठरवू नये. सर्वात भरवशाची खूण वहीत सापडते. शिक्षकांकडून फळ्यावर एखादी पायरी चुकलेली असते, मुलीच्या वहीत ती बरोबर लिहिलेली असते, आणि वर्गात मात्र ती एक शब्द बोललेली नसते. वह्या तपासताना हे मुद्दाम शोधावं.

पण गप्प बसलेली प्रत्येक मुलगी हुशारी लपवत असते असं नाही. उपाय करण्याआधी थोडी पडताळणी करावी. एकच प्रश्न आज तोंडी विचारा आणि दोन दिवसांनी तसाच दुसरा प्रश्न लेखी द्या. दोन्हीकडे अडली तर तो भाग तिला समजलेला नाही. तो पुन्हा शिकवा, तिच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढू नका. लेखी बरोबर आणि तोंडी गप्प, असं असेल तर तिला फक्त मुलींच्या चार जणींच्या गटात तेच समजावून सांगायला लावा. तिथे ती सफाईने बोलली तर अडचण तिच्यात नसून पूर्ण वर्गासमोर बोलण्यात आहे. एखाद्याच तासाला गप्प राहते आणि बाकी तासांना बोलते, असं दिसलं तर त्या तासाला वर्गात काय घडतं ते पाहायला हवं.

नाशिकसारख्या शहरातल्या शाळांमध्ये आणखी एक कारण वेगळं काढावं लागतं. सुरगाणा-पेठकडून आलेली, कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी किंवा कळवण-सटाण्याकडची अहिराणी बोलणारी मुलगी शहरातल्या शाळेत पुष्कळदा उच्चारांना हसतील म्हणून तोंड उघडत नाही. तिथे उपाय निराळा आहे. तिला तिच्या बोलीत उत्तर देऊ द्यावं, ते बरोबर आहे हे आधी सांगावं, आणि पुस्तकी वाक्य नंतर सगळ्या वर्गाने मिळून करावं. उत्तर देत असताना मध्येच शब्द दुरुस्त केला की ती पुढच्या वेळी बोलत नाही.

आता मूळ प्रश्न. हुशारी आपली नव्हे, असं मुलीला वाटायला लागतं कधी? २०१७ साली लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रे चिंपियन यांचं एक संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. अमेरिकेतल्या ५ ते ७ वर्षांच्या मुलामुलींना त्यांनी ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगितली आणि ती व्यक्ती कोण असेल ते चित्रांतून निवडायला लावलं. पाचव्या वर्षी मुली बायकांकडे बोट दाखवत होत्या, जसे मुलगे पुरुषांकडे. सहाव्या-सातव्या वर्षी मुलींचं हे बोट डळमळीत झालं. पुढे एक खेळ ‘खूप हुशार मुलांसाठी’ आणि दुसरा ‘खूप मेहनत करणाऱ्या मुलांसाठी’ म्हणून सांगितला, तेव्हा पहिल्या खेळात मुलींना मुलांपेक्षा कमी रस होता. दुसऱ्यात तसा फरक नव्हता. सर्वात बोलकी गोष्ट ही की शाळेत चांगले मार्क मुलींना पडतात, हे त्याच मुलींना ठाऊक होतं. म्हणजे मार्क मुलींचे आणि हुशारी मुलांची, अशी वाटणी दुसरीच्या वयातच मनात होऊन बसते. आपल्याकडेही भाषा हीच असते: ‘ती मेहनती आहे हो, पण तो हुशार आहे, फक्त अभ्यास करत नाही.’

या वाटणीचा पुढे परिणाम होतो. लेस्ली आणि चिंपियन यांनीच २०१५ मध्ये दाखवलं की ज्या विषयांना ‘उपजत बुद्धी लागते’ असं त्या क्षेत्रातली माणसं मानतात, उदाहरणार्थ गणित, भौतिकशास्त्र, तत्त्वज्ञान, त्यांत पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण कमी असतं. आपल्या आयआयटींमध्ये २०१६ च्या सुमारास बी.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यांत मुली जेमतेम ८ टक्के होत्या. म्हणून २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या गेल्या आणि हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं. दहावीत बाजी मारलेल्या मुली दोन वर्षांत बुद्धीने कमी झाल्या नव्हत्या. वाटेत दुसरं बरंच काही घडलं होतं.

ते काय, हे समजायला एक हिशोब लक्षात घ्यावा लागतो. हुशारी दाखवली तर फायदा किती आणि किंमत किती? फायदा म्हणजे शिक्षकांची एक शाबासकी. किंमत मात्र अनेक ठिकाणी मोजावी लागते. मुलं म्हणतात ‘शायनिंग मारते’, मैत्रिणी म्हणतात ‘भाव खाते’, डब्याच्या वेळी तिला वगळून गोल करून बसतात, एखादे शिक्षकही ‘आगाऊपणा नको’ म्हणतात. तेच उत्तर तशाच आवाजात मुलाने दिलं तर तो चुणचुणीत ठरतो. चौदा वर्षांच्या मुलीला मैत्रिणींचा गट गमावणं हे एका शाबासकीपेक्षा फार महाग पडतं. ती आत्मविश्वास नसल्यामुळे गप्प बसते असं आपण धरून चालतो. खरं तर तिने हिशोब केलेला असतो, आणि तिच्या वर्गात तो बरोबरही असतो. म्हणूनच ‘धीट हो’, ‘बिनधास्त बोल’ असे उपदेश वाया जातात. वर्गातली किंमत तशीच ठेवून ती मोजायचं ओझं तेवढं तिच्यावर टाकलं जातं.

हा हिशोब जुना आहे आणि फक्त आपल्याकडचा नाही. १९४६ साली समाजशास्त्रज्ञ मिरा कोमारोव्हस्की यांनी अमेरिकेतल्या कॉलेजकन्यकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सुमारे ४० टक्के मुलींनी मित्रांबरोबर असताना कधी ना कधी मुद्दाम मठ्ठपणाचं सोंग आणल्याचं सांगितलं होतं. २०१७ चा एक अभ्यास तर एमबीएच्या विद्यार्थिनींचा आहे, म्हणजे ज्यांच्या हुशारीबद्दल कुणाला शंका नव्हती अशांचा. तुमची उत्तरं वर्गमित्र पाहतील असं सांगितल्यावर अविवाहित मुलींनी अपेक्षित पगार वर्षाला सुमारे १८ हजार डॉलरने कमी लिहिला. लग्न झालेल्या किंवा जोडीदार असलेल्या विद्यार्थिनींच्या उत्तरांत असा फरक पडला नाही. कोण पाहतंय यावर सगळं अवलंबून होतं.

‘कोण पाहतंय’ हाच शिक्षकांच्या हातातला धागा आहे. लिओनार्दो बर्स्टिन आणि रॉबर्ट जेन्सन यांनी लॉस एंजेलिसच्या शाळांमध्ये कॉलेज प्रवेश परीक्षेची मोफत तयारी देऊ केली. फॉर्मवर फक्त एक वाक्य बदललं: तुमचा निर्णय वर्गातल्या इतरांना कळेल की नाही. साध्या वर्गांमध्ये (वरच्या पातळीचे खास वर्ग सोडून) ‘कळेल’ म्हटल्यावर नाव नोंदवणारे ११ टक्के-बिंदूंनी घटले. दुसऱ्या पाहणीत संगणकावरच्या अभ्यासात पहिल्या नंबरांची यादी झळकवायला सुरुवात केल्यावर आधी वरच्या क्रमांकावर असलेल्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुमारे ४० टक्क्यांनी घसरली. हे अभ्यास मुलामुलींचे एकत्र आहेत, फक्त मुलींचे नाहीत. पण आपल्या वर्गांना त्यातून एक नेमकी गोष्ट कळते: स्पर्धेचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म ‘कोण कोण बसणार, हात वर करा’ असं विचारून वाटू नयेत. आठवीच्या एनएमएमएस परीक्षेत निवड झाली तर वर्षाला १२ हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते. अशी संधी हात वर करण्याच्या क्षणी सुटू नये. प्रत्येकाच्या बाकावर फॉर्म ठेवा. ज्यांना बसायचं नाही त्यांनी कोरा परत द्यावा, उरलेल्यांचा वहीत ठेवून घरी जावा.

वर्गात बोलण्याची किंमत कमी करायचे साधे उपाय आहेत, आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे थांबणं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या संवादाच्या टेप तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. ते ३ सेकंद किंवा जास्त झाल्यावर उत्तरं लांबली, ‘येत नाही’ कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. एका सेकंदात हात वर करणारा विद्यार्थी बहुधा उत्तर पक्कं होण्याआधीच हात वर करतो, आणि तो मुलगा असण्याचा संभव जास्त. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणून मगच नाव घ्या. पहिला आठवडा ती शांतता शिक्षकांनाच अवघडते. त्या अवघडलेपणात आपणच उत्तर सांगून टाकायचं, ही इथली नेहमीची चूक.

दुसरा उपाय पाटीचा. आपल्याकडे पहिली-दुसरीनंतर पाटी हद्दपार होते, ती आठवीतही हवी. पाटी नसेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कोरा कागद घालून त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने लिहिता येतं आणि जुन्या रुमालाने पुसता येतं. प्रश्न विचारा, मिनिटभर सगळ्यांना लिहू द्या, ‘तीन म्हटलं की वर’ असं सांगून एकदम पाट्या वर करवा. एकही मुलगी एकटी पुढे येत नाही आणि शिक्षकांना मात्र साठ उत्तरं एका नजरेत दिसतात. पाट्या टप्प्याटप्प्याने वर येऊ दिल्या तर सगळं फसतं. मागचे पुढच्यांच्या पाट्या पाहून लिहितात, आणि हुशार मुलगी इतरांचं काय आलंय ते पाहून स्वतःचं बरोबर उत्तर पुसते.

तिसरा, चिठ्ठ्यांचा किंवा आइस्क्रीमच्या काड्यांचा. काडीवर रोल नंबर, काड्या डब्यात. क्रम महत्त्वाचा आहे: आधी प्रश्न, मग शांतता, मग शेजारच्याशी मिनिटभर बोलणं, आणि शेवटी काडी. काडी आधी काढली तर बाकीचे विचार करणं सोडून देतात. काडीने नाव आलं म्हणजे ‘मी हात वर केला’ हा आरोपच उरत नाही. ज्याला येत नाही त्याने ‘नंतर’ म्हणावं, पण दोन उत्तरांनंतर शिक्षकांनी त्याच्याकडे परत यायचंच. हे विसरलं की ‘नंतर’ ही सुटण्याची पळवाट होते आणि पंधरवड्यात डबा कपाटात जातो.

मुलगी बोलत असताना कुणी मध्येच उत्तर ओरडलं तर ते बरोबर असलं तरी स्वीकारू नये. ‘तिचं पूर्ण होऊ दे’ एवढं म्हणून तिच्याकडेच पाहत राहावं. आपल्या बहुतेक वर्गांत मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला बसतात, आणि जिथून गोंगाट येतो तिकडे शिक्षकांची नजर आपोआप वळते. सहकाऱ्याला एका तासासाठी मागे बसवून बैठकीच्या नकाशावर खुणा करायला सांगाव्यात: कुणाला प्रश्न गेला, तो ‘किती, कधी’चा होता की ‘का’चा, उत्तर कुणी तोडलं. मुलींच्या वाट्याला व्याख्या आणि मुलांच्या वाट्याला ‘का’ आलेले दिसले, तर पुढचे ‘का’ कुठे वळवायचे ते शिक्षकांना नकाशाच सांगेल.

प्रयोगशाळेकडे सर्वात जास्त लक्ष द्यायला हवं, कारण तिथे लपवणं सर्वात सोयीचं असतं. नववीचा ओहमच्या नियमाचा प्रयोग घ्या. गटात दोन मुलं, दोन मुली असतील तर परिपथ जोडतात मुलं आणि ‘तुझं अक्षर चांगलं आहे’ म्हणून प्रयोगवही जाते मुलीकडे. वर्षभरात ती पंधरा प्रयोग सुवाच्य लिहिते आणि एकदाही तार लावत नाही. दहावीनंतर ‘मला प्रॅक्टिकल जमत नाही’ असं ती म्हणते तेव्हा ते खरंच झालेलं असतं. प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर चार कामांचा तक्ता करावा: जोडणी, वाचन घेणं, नोंद, निष्कर्ष सांगणं. दर प्रयोगाला कामं एक घर पुढे सरकतात. अक्षर खराब असलेल्या मुलाची नोंद खराबच येऊ द्यावी, ती सुधारण्याची जबाबदारी मुलीवर येऊ देऊ नये. संगणक कक्षात माउस दर दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या हाती द्यायचा.

कौतुकाविषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथे चांगल्या मनाची माणसंही चुकतात. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर प्रयोग केले. ‘तू हुशार आहेस’ असं कौतुक झालेली मुलं पुढे अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर लवकर खचली, ‘मेहनत केलीस’ ऐकलेली टिकून राहिली. त्यावरून ‘हुशार म्हणू नका, मेहनती म्हणा’ हे सूत्र सगळीकडे पसरलं. मुलींच्या बाबतीत ते जसंच्या तसं वापरलं तर घोटाळा होतो. मुलींना मेहनती तर आधीपासूनच म्हटलं जातं, आणि वरच्या खेळांच्या प्रयोगात त्यांचा रस कमी पडला होता तो ‘हुशार’ खेळात, मेहनतीच्या नव्हे. त्यापेक्षा तिने डोकं कुठे चालवलं ते नेमकं सांगावं. ‘दोन्ही समीकरणांची तू आधी बेरीज केलीस, म्हणून मोठ्या सहगुणकांनी गुणावं लागलं नाही. हे तुला का सुचलं ते वहीत लिही.’ यात विशेषण एकही नाही, पण विचार तिचा होता हे तिलाही कळतं आणि वर्गालाही.

‘बघा, मुलगी असून जमलं!’ हे कौतुक नव्हे. ‘मुलींकडून शिका जरा’ असं मुलांना सुनावलं की मधल्या सुट्टीत त्याची वसुली त्या मुलीकडून होते. हुशार मुलीला मॉनिटर करून बोलणाऱ्यांची नावं लिहायला लावणं, हे तर तिला एकटं पाडायचं हमखास साधन आहे.

‘मुली गणितात कच्च्या असतात, या समजुतीची परीक्षेआधी आठवण करून दिली की मुलींचे मार्क घटतात’ असा दावा पालकांच्या गटांत फिरत असतो. तो १९९९ च्या प्रयोगांवर आधारलेला आहे. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलामुलींवर तो तपासला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. त्यामुळे परीक्षेच्या सकाळी काय बोललं याची धास्ती घेण्यापेक्षा वर्षभर वर्गात काय होतं ते पाहावं.

घरची किंमत वेगळीच असते. एकाच शाळेत भाऊ नववीत आणि बहीण आठवीत असेल, तर भावाला कमीपणा वाटू नये म्हणून बहीण मार्क सांगायचं टाळते. ‘बघ, तुझी बहीण तुझ्यापुढे गेली’ हे वाक्य भावाला टोचायला म्हटलं जातं, पण लागतं बहिणीला. दोघांच्या प्रगतिपुस्तकांवर वेगवेगळ्या दिवशी बोला. हळदीकुंकवाला, लग्नाघरी नात्यातलं कुणी ‘एवढी शिकली तर तोलामोलाचा मुलगा कुठून आणणार?’ म्हणतं आणि सगळे हसतात. मुलगी ताट वाढता वाढता ते ऐकत असते. आईवडिलांनी त्याच जागी, तिच्यासमोर ‘तिला हवं तेवढं ती शिकणार आहे’ असं म्हणावं. घरी आल्यावर समजूत काढली तर अर्धाच उपयोग होतो, कारण तिने पाहिलेलं असतं की चारचौघांत आपली बाजू कुणी घेतली नाही. पालकसभेत मुलाचे मार्क आणि मुलीची वागणूक विचारायची सवय असेल तर तीही मोडावी. ‘आमच्या मुलीने या महिन्यात वर्गात काय विचारलं?’ हा प्रश्न शिक्षकांनाही कामाला लावतो.

डोळ्यांसमोरच्या बायकांचा परिणाम मोठा असतो. पश्चिम बंगालमधल्या ४९५ गावांच्या अभ्यासात, जो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, सरपंचपद दोन वेळा स्त्रियांसाठी राखीव राहिलेल्या गावांत किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांमधली दरी सुमारे ३२ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्यामुळे नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-सिन्नरच्या शाळेलाही सरपंचताई सहज बोलावता येतात. त्यांना हारतुऱ्यासाठी न बोलावता पंचायतीच्या अंदाजपत्रकाचं एक पान आठवीच्या वर्गाला समजावून द्यायला बोलवावं. कारभार पतीच पाहत असेल तर मात्र असा कार्यक्रम करू नये. मुली ते लगेच ओळखतात आणि भलताच धडा घेतात.

हे वाचणारी मुलगी तू स्वतः असशील तर: गप्प बसून तू काही गुन्हा केलेला नाहीस. सगळीकडे एकदम बोलायला लागायचीही गरज नाही. एक तास निवड, ज्यात शिक्षक ऐकून घेतात. एका मैत्रिणीशी ठरव की एकीचं बोलणं तुटलं तर दुसरीने ‘तिचं राहिलंय’ म्हणायचं. उत्तराआधीचं ‘चुकलं असेल’ गाळ. शंका असेल तर ‘दुसरी पायरी मला पक्की माहीत नाही’ असं नेमकं सांग. आणि चिडवणं मागे लागण्यावर, मेसेजवर किंवा धमकीवर गेलं, तर तो हुशारीचा प्रश्न उरत नाही. शाळांमध्ये सखी सावित्री समिती नेमण्याचा शासननिर्णय २०२२ चा आहे. तिथे, तक्रारपेटीत किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर सांग.

राहिली अकरावी. प्रवेश ऑनलाइन आहे आणि फॉर्ममध्ये दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. नाशिक शहरातली कॉलेज रोड, गंगापूर रोडची कॉलेजं की घराजवळचं, विज्ञान की दुसरं काही, गणित ठेवायचं की फक्त जीवशास्त्र, हे घरात सगळे एकदम बोलायला लागले की मुलगी पहिल्या पाच मिनिटांत ‘तुम्ही म्हणाल तसं’वर येते. म्हणून चर्चेआधी तिला एकटीला बसवून यादी कागदावर लिहू द्यावी, प्रत्येक नावापुढे एका ओळीत कारण. मग घरच्यांनी आपल्या अडचणी त्याच कागदावर लिहाव्यात: बस किती वाजता, क्लास सुटायला किती उशीर, फी किती. बसची अडचण वेळापत्रक पाहून सुटते. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. अंतिम फॉर्म आणि तिची पहिली यादी शेजारी ठेवा. ज्या ओळी बदलल्या असतील, त्यांच्यापुढे बदलाचं कारण कुणाच्या अक्षरात आहे ते पाहा, आणि ते तिचं नसेल तर सबमिट करण्याआधी तिला पुन्हा एकदा विचारा.